आधी हलवून बघा, मग रंगवा: कागदी प्लेटची फिरणारी, डुलणारी आणि लपणारी खेळणी

कागदी प्लेटच्या हलत्या खेळण्यात चित्र सहसा बिघडत नाही. चकती फिरत नाही, पट्टी मधेच अडते, पिनेपाशी प्लेट फाटते आणि मूल दोन मिनिटांत ते बाजूला टाकून देतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, उलटा क्रम. आधी हौसेनं रंग दिला जातो, मग कापाकापी होते आणि जोडणी सगळ्यात शेवटी. तोवर रंगाच्या ओलाव्यानं प्लेट वाकडी झालेली असते, आणि भोक चुकलं तरी रंगवलेली प्लेट टाकून द्यायला जीव होत नाही.

खाली चार खेळणी दिली आहेत: फिरती चकती, फटीतून सरकणारी होडी, मान वर करणारा फ्लेमिंगो आणि कवचात डोकं लपवणारं कासव. पहिल्यांदाच करत असाल तर याच क्रमानं करा. चकतीत बसलेला हात फ्लेमिंगोला लागतो.

## प्लेट कुठली घ्यायची

दुकानात प्लेटा इंचांत मागाव्या लागतात. इथली सगळी मापं ९ इंची, म्हणजे सुमारे २३ सें.मी. व्यासाच्या प्लेटची आहेत. तिचा मधला सपाट भाग साधारण १६ सें.मी. असतो आणि भोवती वर उचललेला, चुण्यांचा काठ. ७ इंची प्लेटमध्ये सपाट जागा इतकी कमी उरते की खिडकी आणि पिन एकमेकींच्या अंगावर येतात.

पांढरी, कोरी, जरा जाड प्लेट सर्वांत चांगली. एका हाताच्या चिमटीत काठ धरून प्लेट आडवी ठेवा. ती लगेच खाली लवली तर ती भेळेपुरती ठीक आहे, पिनेला टिकणार नाही. तीच घरात असेल तर दोन प्लेटा एकीत एक चिकटवून एक करा.

चंदेरी वर्खाच्या प्लेटा मुंबईत कुठेही मिळतात. पण वर्खावर फेविकॉल धरत नाही, वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघून येतो. पोस्टर कलरही थेंबाथेंबानं गोळा होतो. अशी प्लेट वापरायचीच तर कागदी बाजू पुढे घ्या, आणि चिकटवायच्या जागेचा वर्ख पॉलिश पेपरनं खरवडून काढा. पांढऱ्या प्लेटलाही कधी पातळ चकचकीत थर असतो. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर थर आहे. तिथे पोस्टर कलरऐवजी अॅक्रिलिक रंग घ्या.

उसाच्या चोथ्याच्या प्लेटा कडक असतात आणि रंगही छान पितात, पण कापलेल्या फटीला तुसं सुटतात. कासवाच्या कवचाला त्या उत्तम, होडीला नकोत. पोफळीच्या पानाच्या प्लेटा पिनेपाशी तडकतात, आणि थर्मोकोल पिनेनं कापला जातो. दोन्ही नकोतच.

## बाकीचं सामान

- २५० जीएसएमचा ए-४ कार्डपेपर. चार खेळण्यांना ५ कागद लागतात. साधा कागद वळतो, खोक्याचा पुठ्ठा जाड पडून घासतो.
- दोन पाय फाकवता येणाऱ्या पितळी पिना, ४ नग. ‘स्प्लिट पिन’ म्हणून मागा. नुसतं ‘फास्टनर’ म्हटलंत तर दुकानदार फायलीत घालायची लांब पत्र्याची पट्टी हातावर ठेवेल.
- कंपासपेटी: कंपास, कर्कटक, कोनमापक आणि पट्टी.
- कात्री, आणि मोठ्यांच्या हातात राहील असा कटर.
- फेविकॉल, सेलोटेप, मेणबत्तीचा तुकडा, जेम क्लिपा, जुनं खोडरबर.

गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याकडे पिना नसल्या तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर बघा. तेवढ्यासाठी लोकलची फेरी नको असेल, तर शर्टाची दोन चपटी बटणं आणि जाड दोरा पुरतो. एक बटण पुढे, एक मागे, दोरा भोकातून दोनदा फिरवा. गाठ मारताना मागच्या बटणाखाली आगपेटीची काडी घाला आणि गाठ बसल्यावर ती ओढून काढा. काडीच्या जाडीएवढी ढील राहते आणि चकती मोकळी फिरते. काडी न घालता घट्ट बांधलेलं बटण म्हणजे शिवलेली चकती.

वय आणि हात: पाच-सहा वर्षांची मुलं रंग, कात्रीची सोपी कापाकापी आणि जुळणी करू शकतात. आठच्या पुढची कटर आणि भोकं सोडून सगळं करतात. कटर आणि भोकं पाडणं मोठ्यांनी आपल्याकडे ठेवावं.

## सगळ्यांना लागू असलेला क्रम

१. मापं आणि खुणा. पेन्सिलीनं, हलक्या हातानं.

२. कापणं आणि भोकं. भोक पाडताना खाली खोडरबर ठेवा, तळहात कधीच नाही. आधी कर्कटकाचं टोक आरपार घाला, मग त्याच भोकात पेन्सिलीचं टोक फिरवत ते ४ मि.मी. पर्यंत मोठं करा. पिनेचे पाय याहून बारीक असतात, म्हणून भाग सैल फिरतो. कात्रीच्या टोकानं पाडलेलं भोक चिरेसारखं असतं आणि त्या चिरेतूनच फाटायला सुरुवात होते.

३. कोरी जुळणी. रंग नाही, फेविकॉल नाही. पिना घालून, चिकटवायच्या जागी सेलोटेपचे छोटे तुकडे लावून सगळं जोडा आणि वीस वेळा हलवा. पिनेचे पाय प्लेटला घट्ट दाबू नका, नखाच्या जाडीएवढी फट ठेवा.

४. झाकलेल्या भागाची खूण. हलवताना कुठलं काय दिसतं आणि कुठलं झाकलं जातं, ते पेन्सिलीनं रेखा. ही पायरी गाळली की सुंदर रंगवलेलं डोकं कायमचं प्लेटच्या मागे जातं.

५. सुटं करणं, रंगवणं, वाळवणं.

६. मेण. एकमेकांवर घासणाऱ्या बाजूंवर मेणबत्ती आडवी धरून घासा. चिकटवायच्या जागा मात्र सोडा, मेणावर फेविकॉल धरत नाही.

७. पक्की जुळणी. शेवटी पिनेच्या पायांवर सेलोटेप लावा, बोटाला ओरखडा येत नाही.

> सावध: जिथे भाग एकमेकांवर फिरतात तिथे ऑइल पेस्टल नको. ते वरच्या थराला माखतं आणि चकती जड होते. घासणाऱ्या बाजूला स्केचपेन किंवा पेन्सिलीचे रंग वापरा.

वाळवण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथली हवा. जुलै-ऑगस्टमध्ये फेविकॉल आणि पोस्टर कलर दोन्हींना नेहमीच्या दुप्पट वेळ धरा. रंगात पाणी कमीत कमी घ्या आणि पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात ठेवलेली ओली प्लेट एका बाजूनं आकसून द्रोणासारखी वळते. रंग हाताला लागेनासा झाला की सुटे कार्डपेपरचे भाग वर्तमानपत्रात गुंडाळून जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. प्लेट दाबायची असेल तर फक्त तिच्या मधल्या सपाट भागावर वजन ठेवा, काठावर नाही.

## खेळणं १: खिडकीतून बदलणारी स्टेशनं

एक प्लेट, एक कार्डपेपर, एक पिन. प्लेट पुढे, तिच्या खिडकीतून मागच्या चकतीवरची सहा चित्रं एकेक करून दिसतात. इथे पश्चिम रेल्वेची स्टेशनं घेतली आहेत: चर्चगेट, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली.

१. मध्य काढा. अंदाजानं काढलेला मध्य दोन-तीन मिलिमीटरनं चुकतो आणि तेवढ्यानं चकती डुगडुगते. प्लेट वर्तमानपत्रावर पालथी ठेवून गोल आखा, कापा, दोनदा अर्ध्यात दुमडा. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. कागद प्लेटवर ठेवून तिथून कर्कटकानं टोचा. प्लेट स्वतः कधी दुमडू नका, ती घडी नंतर जात नाही.

२. चकती. कार्डपेपरवर कंपासमध्ये १० सें.मी. त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा आणि कापा.

३. सहा भाग. कंपासचं अंतर तेच, १० सें.मी., ठेवून वर्तुळाच्या कडेवर एकापुढे एक खुणा करत जा. सातवी खूण पहिलीवर येते. प्रत्येक खूण मध्याशी जोडा.

४. खिडकी. प्लेटच्या वरच्या भागात, घड्याळात बारा असतात तिथे, मध्यातून ५० अंशांचा कोन काढा. मध्यापासून २.५ सें.मी. आणि ७ सें.मी. वर दोन कमानी काढा. या चौकटीतला तुकडा कटरनं काढा. भाग ६० अंशांचा असून खिडकी ५० चीच का? ६० ची केली तर चकती केसभर सरकली तरी शेजारच्या चित्राची कड डोकावते. आणि मध्याजवळचे २.५ सें.मी. सोडले नाहीत तर पिन खिडकीत फाटून येते.

५. अंगठ्याची खाच. प्लेटच्या उजव्या काठातून ३ सें.मी. रुंद, ३ सें.मी. खोल अर्धगोल कापा. चकतीची कड तिथून दिसेल आणि अंगठ्यानं फिरवता येईल.

६. कोरी जुळणी. इथे प्लेटची बाजू नीट बघा. वाटीसारखी खोल बाजू आपल्याकडे, फुगीर बाजू मागे. चकती त्या मागच्या सपाट तळाला टेकते. प्लेट उलटी धरली तर चकती काठावर टेकून तळापासून दीड-दोन सें.मी. लांब राहते. मग पिन पुरत नाही आणि चित्र विहिरीत बघितल्यासारखं दिसतं. प्लेट आणि चकतीच्या मध्ये पिनेत २ सें.मी. व्यासाचा कार्डपेपरचा वायसर घालायला विसरू नका.

७. चित्रांच्या चौकटी. चकती फिरवून एकेक भाग खिडकीत आणा आणि प्रत्येक वेळी खिडकीच्या आतून कडेकडेनं पेन्सिल फिरवा. सहा चौकटी तयार होतील. आता चकती सोडवा आणि चित्रं फक्त या चौकटींत काढा. प्रत्येक चित्राचं डोकं चकतीच्या कडेकडे, पाय मध्याकडे. चकती टेबलावर एकाच बाजूनं ठेवून सहाही चित्रं सरळ काढली, तर खिडकीत त्यातलं एकच सरळ येतं. बाकीची आडवी किंवा डोक्यावर उभी. ही चूक इतकी होते की पेन्सिल हातात देण्याआधी मुलांना सांगाच.

> तपासणी: उजव्या खाचेत अंगठ्यानं चकती खाली ओढली की ती घड्याळाच्या दिशेनं फिरते, आणि खिडकीत डावीकडचा भाग येतो. म्हणून स्टेशनांची नावं चकतीवर घड्याळाच्या उलट दिशेनं लिहायची. नाहीतर ‘पुढील स्टेशन दादर’ म्हणताना गाडी चर्चगेटला जाऊन पोचते.

८. रंगवा, वाळवा, मेण लावा, पक्की जुळणी करा. प्लेटच्या पुढच्या बाजूवर डब्याची खिडकी, वरच्या कड्या, खिडकीशी बसलेली माणसं असं हवं ते काढा.

## खेळणं २: लाटांवर डुलणारी होडी

एक प्लेट, कार्डपेपरचा तुकडा, एक पिन. होडी फटीतून पुढे-मागे सरकते आणि पिनेभोवती डुलते. हे डुलणं फुकट मिळतं, त्यासाठी वेगळा भाग लागत नाही. फक्त भोक योग्य उंचीवर हवं.

१. प्लेटच्या सपाट भागात ११ सें.मी. लांबीची, किंचित वर फुगलेली कमान काढा. दोन्ही टोकं काठाच्या दुमडीपासून किमान २ सें.मी. आत राहू द्या. फट दुमडीत शिरली की प्लेट तिथून मोडते.

२. कापण्याआधी मागच्या बाजूनं, त्या कमानीवर सेलोटेप लावा. कड तुटत नाही, शिवाय पिन गुळगुळीत पट्टीवर सरकते.

३. दोन्ही टोकांना ४ मि.मी. ची भोकं पाडा. मग त्या भोकांना जोडणाऱ्या दोन समांतर रेघा कटरनं कापा, मधलं अंतर ३ मि.मी. टोकाच्या गोल भोकात चीर थांबते. भोकांशिवाय कापलेली फट रोज थोडी लांबत जाते.

४. होडी कार्डपेपरची, ७ सें.मी. लांब, शिडासकट ६ सें.मी. उंच. पिनेचं भोक होडीच्या वरच्या तिसऱ्या भागात, म्हणजे शिडात. खाली, मागच्या बाजूनं एक जेम क्लिप लावा. वजन भोकाखाली असल्यामुळे होडी लोंबते आणि धक्का लागला की डुलून परत सरळ होते. भोक मधोमध किंवा खाली पाडलं तर ती उलटी होऊन बसते.

५. पिन होडीतून, फटीतून आणि मागे ३ सें.मी. च्या कार्डपेपरच्या चकतीतून घाला. ही मागची चकती म्हणजे बोटानं सरकवायची मूठ. ती नसेल तर पिनेचे पाय फटीच्या दिशेत येताच होडी बाहेर पडते.

> तपासणी: प्लेट उभी धरून मूठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. मधे अडली तर फट तिथे अरुंद आहे. पॉलिश पेपरचा दुमडलेला तुकडा फटीतून दोनचार वेळा फिरवा.

लाटा वेगळ्या कागदाच्या कापून फटीपुढे लावल्या तर फट झाकली जाते. लाटांना फक्त दोन टोकांना आणि खालच्या कडेला चिकटवा, आणि मधे बोटभर पोकळी ठेवा. सगळीकडे फेविकॉल पसरला की होडी लाटांत रुतते.

## खेळणं ३: मान वर करणारा फ्लेमिंगो

चारांतलं हेच अवघड, आणि चुका इथेच सर्वांत जास्त. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे पक्षी हजारोंनी दिसतात, त्यामुळे मुलांना ते काढायचेच असतात. चोच मधेच वाकलेली काढा. चिखल-पाणी गाळून खाताना फ्लेमिंगो डोकं उलटं करतो आणि वरची चोच पाण्याकडे येते. तसं काढलं तर खाली गेलेली मान खरी वाटते.

रचना अशी: मान एका पिनेभोवती फिरते. मानेची ‘शेपूट’ पिनेच्या दुसऱ्या बाजूला थोडी बाहेर येते, आणि तिला खाली ओढायची पट्टी जोडलेली असते. पट्टी ओढली की मान वर, सोडली की डोक्याच्या वजनानं मान खाली. तीच पट्टी पक्ष्याचे पाय म्हणून चालते.

भाग: दोन प्लेटा. दुसरीची फक्त खालची अर्धी घ्यायची, ते पाणी. कार्डपेपरचं धड ९ × ६ सें.मी., मान १२ सें.मी., पट्टी १.५ × २२ सें.मी. आणि दोन पिना.

१. मान. डोक्यापासून ९ सें.मी. वर पहिलं भोक, त्यापुढे २ सें.मी. वर दुसरं, त्याच्यापुढे भोवती थोडा कागद. हे २ सें.मी. महत्त्वाचे. पट्टी २ सें.मी. ओढली की मान साधारण ६० अंश वळते. शेपूट ४ सें.मी. ठेवली तर तेवढ्याच ओढीत मान जेमतेम ३० अंश हलते. १ सें.मी. ठेवली तर मान झटकन उडते, पण जोर इतका लागतो की भोक फाटतं. मान किमान १.५ सें.मी. रुंद ठेवा. बारीक, खऱ्यासारखी मान काढायचा मोह होतो, पण ती पिनेपाशीच मोडते. रुंद पट्टीवर बारीक मान रंगवा आणि कडेला मागच्या पाण्याचा रंग द्या.

२. स्थिर पिन. प्लेटची खोल बाजू पुढे. मध्याच्या डावीकडे २ सें.मी. आणि वर १ सें.मी. असं भोक पाडा. पिन मानेच्या पहिल्या भोकातून आणि प्लेटमधून जाते.

३. फिरती पिन. ही शेपटीच्या भोकातून आणि पट्टीच्या वरच्या टोकातून जाते, प्लेटमधून नाही. दोन्ही पिना प्लेटमधून घातल्या की मान जागच्या जागी खिळून बसते. कितीही काळजीपूर्वक समजावलं तरी निम्मी मुलं एकदा तरी असं करतात. या पिनेचं डोकं प्लेटकडे आणि पाय आपल्याकडे ठेवा. पाय प्लेटकडे असले तर ते घासत जातात आणि रंग खरवडतात.

४. खालची फट. प्लेटच्या तळाशी, सपाट भाग संपून काठ सुरू होतो त्या दुमडीच्या किंचित आत, २ सें.मी. रुंद आणि ४ मि.मी. उंच फट कापा. ती फिरत्या पिनेच्या बरोबर खाली हवी. पट्टी या फटीतून मागे जाते आणि काठाच्या मागून सरळ खाली उतरते. फट न करता पट्टी काठावरून नेली तर ती तिथे वाकते आणि ओढण्याचा सगळा जोर त्या वाकणातच जातो.

५. कोरी जुळणी. डोक्याच्या मागे एक जेम क्लिप लावा. पट्टी ओढा, सोडा. मान आपोआप खाली आली पाहिजे. आली नाही तर क्लिप वाढवण्याआधी पिनेचे पाय सैल करा. दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच असतो. मान फार खाली लोंबत असेल तर ती थांबायला हवी त्या उंचीवर, मानेच्या मागे झाकला जाईल असा कार्डपेपरचा छोटा जाड तुकडा चिकटवा.

६. धड. धड दोन्ही पिना झाकतं. पण ते प्लेटला थेट चिकटवलं की मान आणि शेपूट त्याखाली चेपतात. कार्डपेपरचे चार थर एकावर एक चिकटवून दोन छोटे ठोकळे करा. एक धडाच्या शेपटीकडच्या टोकाखाली, दुसरा वरच्या कडेखाली. मान आणि पट्टी फिरते त्या वाटेत ठोकळा येत नाही ना, हे चिकटवण्याआधी मान पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून बघा.

७. पाणी. दुसऱ्या प्लेटची खालची अर्धी पहिलीवर तोंडाला तोंड लावून, फक्त काठाकाठानं चिकटवा. आत पिशवीसारखी पोकळी होते आणि पट्टीची फट झाकली जाते. काठांना कपड्यांचे चिमटे लावून ठेवा, निदान तासभर.

> तपासणी: पट्टीवर पाय रंगवण्याआधी ती पूर्ण ओढून पाण्याच्या रेषेशी खूण करा, मग सोडून दुसरी खूण करा. या दोन खुणांमधला भाग कधी पाण्यावर, कधी पाण्याखाली असतो. तिथे गुडघा काढू नका, तो अचानक गायब होतो.

## खेळणं ४: कवचातलं कासव

सोपं आहे, लवकर सांगतो. २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दिसली, तेव्हापासून मुलांना समुद्री कासव करायचं असतं. पण समुद्री कासवाला डोकं कवचात ओढता येत नाही. डोकं लपवायचं तर जमिनीवरचं तारा कासव काढा. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या, रंगवायलाही सोपं.

१. दोन प्लेटा तोंडाला तोंड. खालच्या प्लेटच्या काठात समोरासमोर दोन खाचा, ४ सें.मी. रुंद, १ सें.मी. खोल.

२. कार्डपेपरची पट्टी ३ × २९ सें.मी. एका टोकाला डोकं, दुसऱ्याला शेपूट. डोकं पट्टीपेक्षा रुंद काढू नका, ते आत जाणार नाही.

३. आडव्या अडसरपट्ट्या दोन, प्रत्येकी ७ सें.मी. लांब. एक डोक्याच्या टोकापासून ४.५ सें.मी. वर, दुसरी शेपटीच्या टोकापासून ८ सें.मी. वर चिकटवा. या खाचेपेक्षा रुंद असल्यामुळे पट्टी बाहेर निसटत नाही.

४. पट्टी आत ठेवा आणि मगच प्लेटा चिकटवा. आधी प्लेटा चिकटवून पट्टी घालायला गेलात तर अडसर आत शिरत नाहीत. काढले तर शेपूट एकदा जोरात ओढताच डोकं आत जाऊन तिथेच राहतं.

५. पाय खालच्या प्लेटच्या काठाला बाहेरून चिकटवा, खाचांपासून दोन बोटं लांब.

## अडलं तर

चकती किंवा मान जड फिरते: पिन सैल करा. तरीही जड असेल तर मधला वायसर आहे का बघा. तोही असेल तर प्लेटच वाकलेली आहे. सुटी करून तिचा सपाट भाग रात्रभर पुस्तकाखाली ठेवा.

भोक मोठं झालं: प्लेट टाकू नका. ३ सें.मी. ची कार्डपेपरची टिकली मागून चिकटवा, पूर्ण वाळू द्या आणि तिच्यात नवं भोक पाडा. पुढून चिकटवली तर चित्रावर गाठ दिसते.

सुरुवातीला नीट चालत होतं, दुसऱ्या दिवशी अडलं: पावसाळ्यात हे होणारच. कार्डपेपर ओल धरून फुगतो आणि ३ मि.मी. ची फट २ ची होते. जून ते सप्टेंबरमध्ये फटी मुळातच १ मि.मी. जास्त रुंद कापा, आणि घासणाऱ्या बाजूंना मेण दोनदा लावा.

वाढदिवसाला किंवा वर्गात एकदम वीस-पंचवीस मुलांकडून करून घ्यायचं असेल तर फ्लेमिंगो नको. चकती किंवा कासव घ्या. खिडक्या, खाचा आणि भोकं आदल्या दिवशी पाडून ठेवा, आणि दर पाच मुलांमागे एक प्लेट जास्तीची धरा. पिना डब्यात मोकळ्या ठेवू नका, प्रत्येकाच्या चकतीला टोचूनच वाटा. जमिनीवर पडलेली पिन तिथे रांगणाऱ्या धाकट्या भावंडाच्या तोंडात जाते.

खेळणी ठेवताना ती उभी टांगा किंवा आडवी एकावर एक ठेवा, भिंतीला टेकवून तिरपी नको. होडी आणि फ्लेमिंगोच्या जेम क्लिपांवर आधीच सेलोटेप गुंडाळा. इथल्या हवेत त्या महिन्या-दोन महिन्यांत गंजतात आणि तपकिरी डाग कागदातून पुढे उमटतो, नेमका डोळ्याच्या जागी.